सरूमावशीचे कापडी बूट

नवी वस्तू हातात आली की सरूमावशी ती आधी गालाला लावायची. मग ते लुगडं असो, पितळी गडू असो, नाहीतर दाराचं कुलूप. डोळे मिटून ती वस्तू गालावर धरून थोडा वेळ तशीच बसायची. मग डोळे उघडून म्हणायची, "ग्वाड हाय." कधी म्हणायची, "हे जरा रुसल्यालं दिसतंय. दोन दिस घरात ऱ्हाऊ दे, मग हसंल." हे ती कुलपाबद्दल बोलत असायची.

लग्न होऊन मी लोणावळ्याच्या रेल्वेच्या चाळीत आले तेव्हा मला फार बोलता येत नसे. चौथीपर्यंत शाळा झाली होती, वाचायला आवडायचं, पण चार बायकांत बसले की जीभ टाळूला चिकटायची. यजमान मालधक्क्यावर कामाला, सकाळी गेले की संध्याकाळी येत. मधला सगळा दिवस मी, चूल आणि खिडकीतून आत येणारं धुकं. भिंतीपलीकडे सरूमावशी राहायची. तिचे यजमान, ज्यांना सगळी चाळ मामा म्हणायची, ते इंजिनावर फायरमन होते. घाट चढून येणाऱ्या गाडीला मागून रेटा देणारं इंजिन असे, त्याच्यावर. गाडी वर आली की ते इंजिन एक लांब सुस्कारा सोडायचं. मावशी म्हणायची, "आलं बग माजं मानूस दमून."

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली ती तिरकी चालत. तिचा उजवा पाय तळव्याच्या कडेवर पडायचा, त्यामुळे सगळं अंग एका बाजूला कललेलं असे. आत आली, भिंतीला टेकून बसली आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाली, "काय नवं आनलंस?"

मी म्हटलं, "काही नाही."

"काही न्हाई कसं? नवी नवरी आन नवी वस्तू न्हाई? दाव दाव, लाजतीस कशापायी."

मी पुण्याहून येताना क्रोशाची एक सुई घेतली होती. हस्तिदंती रंगाची, टोकाला बारीक आकडी. सासरी उगाच खर्च दिसू नये म्हणून ती पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. ती मी काढून तिच्या हातात दिली. मावशीने ती गालाला लावली आणि म्हणाली, "आता पयल्यापासनं सांग. कुटं दिसली, आदी कंच्या हातात घेतलीस, दुकानदार काय बोलला." मी सांगू लागले. त्या सुईवर मी किती बोलले, देव जाणे. ती मधूनच 'मग?' म्हणायची आणि मी पुढे सरकायची. ती गेल्यावर मला कळलं की त्या गावात आल्यापासून मी एवढं कुणाशी बोललेच नव्हते.

रविवारी दुपारी चाळीच्या व्हरांड्यात बायका जमायच्या. ह्या जमण्याला मावशीनेच 'बगनं' असं नाव दिलं होतं. ज्या बाईने आठवड्यात काही नवं घेतलं असेल तिने ते घेऊन यायचं. मावशी पाट मांडायची. वस्तू पाटावर ठेवून तिला हळद-कुंकू लावायचं, मग ती हातोहात फिरायची आणि घेणारणीने तिची हकीगत पहिल्यापासून सांगायची. नियम एकच होता, किंमत विचारायची नाही. "किंमत इचारली की वस्तू बोलायची थांबती," असं मावशी म्हणायची.

त्या पाटावर मी काय काय पाहिलं! जपानी कागदी पंखा, उघडला की त्यावर बगळे उडायचे. बंगल्यावरच्या माळ्याने दिलेले डेलियाचे कंद, ज्यांना कुणीतरी रताळी समजून शिजवायला निघालं होतं. निळ्या काठाचा चिनी मातीचा डबा. रंगीत मणी, लोकरीचे गुंडे, तोंडाने वाजवायची पेटी, जी कुणालाच वाजवता आली नाही आणि सगळ्याजणी वाजवून खोकल्या. एकदा एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. तिथून मावशीने काचेचा गोळा आणला. आत पाणी, एक इवलंसं घर, आणि गोळा हलवला की पांढरा भुगा हळूहळू त्या घरावर उतरायचा. आम्ही सगळ्याजणी त्याच्याकडे पाहत राहिलो. व्हरांड्याबाहेर तसंच पांढरं धुकं उतरत होतं, समोरचं लिंबाचं झाड दिसेनासं झालं होतं. मावशी हळूच म्हणाली, "आपल्याला बी कुनीतरी असंच हातात धरलं आसंल. हलू नगा गं, त्याला बगू द्या." आणि खरंच बराच वेळ कुणी हललं नाही.

तिचा पाय असा का, हे मला पुढे कळलं. इंजिनातली राख रुळांच्या कडेला ओढून टाकत. त्यात अर्धवट जळलेला कोळसा सापडायचा, तो वेचायला चाळीतल्या बायका जात. वरून विझलेली दिसणारी राख आतून निखारा होती, आणि मावशीचा उजवा पाय तिच्यात गेला. जखम भरली, पण तळव्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी राहिली. खडा लागला की रक्त यायचं. वहाणा घालून पाहिल्या तर चामडं त्या जागी चावायचं. म्हणून ती घर, नळ, व्हरांडा आणि जवळचा बाजार सोडून कुठे जायची नाही. ह्याबद्दल ती कुणाजवळ बोलतही नसे.

तिला एकच लेक होती, हौसा. इंदुरीला दिली होती, नदीकाठच्या शेतकऱ्याच्या घरी. लग्नाला वर्ष होऊन गेलं तरी मावशी लेकीच्या घरी एकदाही गेली नव्हती. हौसाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. मामांनी माणूस पाठवला, तर हौसाच्या सासूने त्याला दारातूनच परत लावलं. तिचा निरोप त्या माणसाने तिच्याच आवाजात सांगितला, "लेक पायजे तर आईनं स्वता यावं. निरोपावर धाडाया पोर म्हंजी काय टपाल हाय? वरीस झालं, आईचं त्वांड न्हाई दिसलं. आमचं घर हलकं वाटतं का तिला?"

मामा स्वतः जायला निघाले, पण मावशीने अडवलं. "तिनं मला बोलावलंय. तुमी गेलात तर आनखीन गाठ बसंल." हौसाला सातवा सरला होता. लेक अंगाने बारीक, पहिलटकरीण. इंदुरीला सुईण होती, पण लोणावळ्याला रेल्वेचा दवाखाना आणि शिकलेली नर्स होती. मावशी रात्रंदिवस तेच मनात घोळवत असणार. नळावर मला भेटली की म्हणायची, "तळेगावपातुर रेल्वे हाय. पुडं टांगं जात न्हाईत, ज्याची बैलगाडी त्यो बसून जातो. आपन चालायचं. वाट खडीची हाय, यमे." बस्स, एवढंच.

पुढच्या रविवारी ती व्हरांड्यात आली ती पदराखाली काहीतरी झाकून. पाट मांडला आणि त्यावर ठेवले पांढरे कापडी बूट. साहेबलोक चेंडू खेळताना घालतात तसे, खाली रबर, वर नाडी.

रखमाबाई आमच्या चाळीतली सगळ्यात सोवळी आणि सगळ्यात तिखट. ती उठूनच उभी राहिली. "अगं बाई! पायातली वस्तू पाटावर? उद्या केरसुणी आणून ठेवशील."

"केरसुनीला तू दिवाळीला हळद-कुंकू लावतीस का न्हाई?"

"ती लक्ष्मी आहे!"

"मग ह्ये तिचं धाकटं भावंड समज."

"आणि चामड्याचा विटाळ?"

"चामडं कुटंय? हात लावून बग. कापड हाय, न् रबर. रबर झाडाच्या चिकाचं आसतं म्हनं, म्हंजी फराळाला बी चालंल." बायका हसून लोटपोट झाल्या. मावशीने एक बूट उचलला आणि सरळ गालाला लावला.

"शी गं सरू! पायातलं गालाला!"

"आजून कुनाच्या पायात गेलंय? आज त्ये नुसतं बाळ हाय." तिने डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मग तिने तो माझ्या हातात दिला आणि मीही गालाला लावला. आत जाड मऊ कापड होतं, नव्या रबराचा वास होता.

रखमाबाई बसता बसता म्हणाली, "आता हे घालून मडमेसारखी बाजारात मिरवणार वाटतं?"

मावशी म्हणाली, "बाजारात न्हाई. इंदुरीला."

मग कुणीच हसलं नाही. त्या काळी आमच्याकडे खेड्यातल्या बायका साध्या वहाणासुद्धा गावात घालून हिंडत नसत. चावडीवर वडीलधारी माणसं बसलेली असली की वहाणा काढून हातात घ्यायच्या, पुढे गेलं की पुन्हा घालायच्या. आणि लेकीच्या सासरी विहीण बूट घालून आली, तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. हे मावशीलाही ठाऊक होतं. ती म्हणाली, "येशीपातुर घालीन. येशीतनं काढीन. तेवड्यानं भागंल." रखमाबाईने मग कुंकवाचं बोट त्या बुटांना लावलं.

सोबतीला तिने मला मागून घेतलं. "एकली बाई बरी दिसत न्हाई. आन तू गप बसतीस, त्ये इहिनीच्या घरी लय कामाचं." यजमान हसले आणि हो म्हणाले.

पौषातली सकाळ होती. तळेगावला उतरून गाव मागे टाकलं आणि मावशीने बांधावर बसून बूट घातले. ती उभी राहिली आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. मावशी उंच होती! इतकी वर्षं कललेली पाहिल्यामुळे मला ते कधी कळलंच नव्हतं. ती चालायला लागली, आधी घाबरत, मग सावकाश, मग अशी की मलाच भरभर पाय उचलावे लागले. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते कोरडे खुंट, आणि नदीवरून धुक्याचा एक लांब पट्टा आमच्याबरोबर चालत होता. खडीवर तिच्या पावलांचा आवाज येत नव्हता. ती म्हणाली, "यमे, मी चालतीया का जिमीनच सरकतीया गं?" अजूनही कधी डोळे मिटून पडले की ती वाट दिसते, आणि तिच्यावरून सरळ चालणारी मावशी. ती वाट संपूच नये असं तेव्हाही वाटलं होतं.

वेशीपाशी पारावर म्हातारी माणसं ऊन खात बसली होती. मावशी दगडावर टेकली, बूट काढले, झटकले, पंच्यात गुंडाळले आणि पिशवीत एका बाजूला ठेवले. दुसऱ्या बाजूला विहिणीसाठी लुगडं-खण होतं. मी म्हटलं, "मावशी, घालूनच चला ना. कोण बघतंय?"

"सगळी बगत्यात. हौसाला हितं नांदायचंय." तिने पदराचं टोक दातांत धरलं आणि चालू लागली. पुन्हा कललेली. तेवढ्या गल्लीत तिचं कपाळ घामाने भिजलं.

विहीणबाई ओसरीवर जात्याजवळ बसल्या होत्या. उंचनिंच, कोरड्या चेहऱ्याच्या, विधवा. घरचा सगळा कारभार त्यांच्या हातात. त्यांनी 'या' म्हटलं, घोंगडी टाकली. दाराआडून हौसा दिसली, पोट पुढे आलेलं, डोळे खोल गेलेले. आई दिसताच तिचे ओठ हलले, पण सासूसमोर ती बाहेर आली नाही. गूळ-पाणी पुढे आलं. मावशीने पाण्याला नुसता हात लावला. लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही रीत विहीणबाईंनाही मान्य होती. तेवढ्यावर बोलणंच खुंटलं. शेवटी विहीणबाईंनी पिशवीकडे पाहिलं आणि कोरडेपणाने विचारलं, "काय नवं आनलंया?"

हे शब्द ऐकले आणि मावशीचा चेहरा एकदम उजळला. रविवारची दुपार असावी तसा. मी पाहिलं की तिचा हात लुगड्याकडे न जाता पंच्याकडे गेला. मी तिचा पदर ओढला, पण उशीर झाला होता. तिने बूट काढले, विहिणीसमोर घोंगडीवर ठेवले आणि म्हणाली, "आता पयल्यापासनं सांगती..."

पुढे तिचे शब्द थांबले. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. विहिणीच्या दारात, विहिणीपुढे तिने पायताण मांडलं होतं. दाराआड हौसाने तोंडावर हात घेतला.

"पायतान दावाया आलीस व्हय माज्या दारात?" विहीणबाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

मावशीने बूट उचलले नाहीत. विहीणबाईंच्या पावलांकडे तिची नजर गेली होती. टाचांना भेगा, बोट जाईल एवढ्या, आणि त्यांत मेण भरलेलं. मावशी हळू म्हणाली, "दावाया न्हाई, इहिनबाई. हातात द्याया. आत हात घालून तर बगा."

मग कुणीतरी म्हणालं, "आतून फार मऊ आहेत." तो आवाज माझा होता. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

काही वेळाने मी वर पाहिलं तर त्यांचा हात बुटाच्या आत होता. अंगठ्याने त्या तळ दाबून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हौसे, दार लाव अंगनाचं." दार लागलं. विहीणबाईंनी बूट पायांत घातले, नाडी तशीच लोंबत ठेवून सारवलेल्या जमिनीवर दोन-चार पावलं टाकली आणि भिंतीला हात लावून थांबल्या.

"कसं वाटतंया?" मावशीने विचारलं.

"ऊन ऊन." त्या पुन्हा चालल्या. "म्हशीच्या पोटावर हात ठिवल्यावानी."

"व्हय की न्हाई! मी म्हनत व्हते, कसं वाटतंय त्ये सांगता का येईना. म्हशीचं पोट! आगदी त्येच!"

आणि विहीणबाई हसल्या. हसताना त्यांची नजर मावशीच्या पायावर गेली. घोंगडीवर रक्ताचा डाग पडला होता. त्या खाली बसल्या, मावशीचा पाय हातात घेतला आणि तळवा उलटा करून पाहिला.

"ह्यो पाय घिऊन आलीस?"

"येशीपातुर बूट व्हतं."

"आन वरीसभर ह्याच्यापायी आली न्हाईस? मग बोलली का न्हाईस, बाई? मला वाटलं, रेल्वेतली लोकं, आमच्या शेनामातीची शिसारी येत आसंल."

"पायाचं रडगानं इहिनीला काय सांगायचं? हौसाचा मान जातो."

विहीणबाई बराच वेळ तो पाय हातात धरून होत्या. मग उठल्या आणि मागल्या दारातून ओरडून गड्याला बैलगाडी जुंपायला सांगितली. हौसाचं गाठोडं त्यांनी स्वतः बांधलं, वर मेथीचे लाडू ठेवले. निघताना बूट काढून पुढे केले तर मावशीने हात मागे घेतले. "ऱ्हाऊ द्या. तुमच्या पायाला ग्वाड दिसत्यात."

"मला काय करायचंय? लोकं दात काढतील."

"गोठ्यात कोन बगतंय?"

विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि बूट कणगीमागे सरकवले.

गाडीत मावशी मागच्या बाजूला पाय सोडून बसली होती. हौसाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ऊन उतरलं होतं, धूळ सोन्यासारखी दिसत होती आणि वाट आमच्यापासून मागे मागे जात होती. हौसा म्हणाली, "आये, तुजं बूट गं?"

"घातलं की मी. तळेगावपासनं येशीपातुर."

"आता काय करशील?"

"आता कुटं जायचंय मला? तू हायेस की घरात." आणि मग स्टेशन येईपर्यंत ती त्या बुटांविषयीच सांगत होती, पहिल्यापासून.

हौसाचं बाळंतपण अवघड झालं. मूल आडवं होतं. दवाखान्यातली नर्स दिवसभर तिच्याजवळून हलली नाही. संध्याकाळी मुलगी झाली, आणि दोघी वाचल्या. बाहेर आल्यावर नर्स एवढंच म्हणाली, की वेळेवर आणली. मावशीने तिचे हात आपल्या गालाला लावले.

बारशाला विहीणबाई आल्या, अनवाणी, डोक्यावर तांदळाची पाटी. पुरुष माणसं समोर असतानाच मावशीने विचारलं, "बूट काय म्हनत्यात?"

"कंचं बूट?" विहीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. पण मागाहून स्वयंपाकघरात मी पानं मांडत असताना त्या मावशीच्या कानाशी लागल्या, "पाटंचं शेन काढताना घालती. म्हस बुजली पयल्या दिशी."

तो पाय मावशीचा शेवटपर्यंत तसाच राहिला. पुन्हा ती कधी सरळ चाललेली मी पाहिली नाही. तसे बूट बाजारात पुन्हा दिसले नाहीत, की दिसूनही तिने घेतले नाहीत, मला माहीत नाही. पुढे घाटात विजेची इंजिनं आली, मामांची बदली लांब दुसऱ्या घाटात झाली. ती चाळ सोडून गेल्यावर व्हरांड्यात बायका जमत, पण नुसत्या भाज्या निवडत. मी मात्र तोवर बोलायला लागले होते.

लढाईच्या दिवसांत हौसा एकदा बाजारात भेटली. तिची मुलगी आता तिच्या खांद्याएवढी झाली होती. मावशी गेली, हे तिने तिथेच मला सांगितलं. मामा आधी गेले. मावशी त्या परगावी एकटी उरली, तेव्हा लेकीच्या घरी राहायला यायला तयार होईना. मग विहीणबाई, ज्या कधी लोणावळ्याच्या पलीकडे गेल्या नव्हत्या, त्या रेल्वेत बसून तिच्याकडे गेल्या आणि तिला इंदुरीला घेऊन आल्या. दोघी म्हाताऱ्या ओसरीवर शेजारी शेजारी बसायच्या. शेवटची चार वर्षं मावशी तिथेच होती.

मी विचारलं, "शेवटी त्रास झाला का गं?"

"न्हाई. झोपंतच गेली." हौसा पुढे सांगू लागली. "आंगूळ घालताना सासूबाईंनी कुनाला पाय धुवू दिलं न्हाईत. सोताच धूत बसल्या. बाकीच्या म्हनल्या, झालं आता, उटा. तर म्हनल्या, आजून ऊन पानी आना. ह्या पायाला गार सोसत न्हाई."